खर्चाला मत, साऱ्याला नाही

मुंबई इलाख्याच्या कायदेकौन्सिलाबद्दल मराठीत जे लेखन झाले आहे, ते बहुतेक सभागृहात बसून केल्यासारखे आहे. कोण निवडून आले, कोण काय बोलले, कोणी सभात्याग केला, याची नोंद त्यात चोख मिळते. कौन्सिल हा नुसता देखावा होता की स्वराज्याची शाळा होती, हा जुना वादही त्याच अंगाने चालत आला आहे. त्या वादाची आज काय स्थिती आहे, ते इथे मांडायचे आहे. फक्त पाहण्याची जागा बदलून.

कल्याण–नगर रस्त्याने ओतूर मागे टाकून माळशेज घाटाकडे निघाले की मढ लागते. जुन्नर आणि आंबेगावच्या या डोंगरपट्ट्यात भात, नाचणी, वरई, खुरासणी ही पिके, रानात हिरडा, आणि महादेव कोळी व ठाकर समाजाची मोठी वस्ती. मुंबईच्या टाउन हॉलपासून किंवा पुण्याच्या कौन्सिल हॉलपासून हा मुलूख मनाने फार लांब होता. तरी कौन्सिलाचा कारभार इथे चार वाटांनी पोहोचत होता: सारा, लोकल फंड, जंगल आणि अबकारी. या चारही वाटांवर कौन्सिलाची सत्ता सारखी नव्हती. माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली या फरकात आहे, आणि ‘देखावा की शाळा’ या प्रश्नाने नेमका तोच झाकला जातो.

आधी कायदा, पैसा नंतर

१८३३ च्या सनदी कायद्याने मुंबई आणि मद्रास सरकारांचा कायदे करण्याचा अधिकार काढून घेऊन तो कलकत्त्यात एकवटला होता. १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने तो परत दिला. गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात कायद्याच्या कामापुरते चार ते आठ जादा सभासद नेमायचे, आणि त्यांतले निदान निम्मे सरकारी नोकरीबाहेरचे असायचे, अशी ही रचना. २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये पहिली बैठक भरली. जगन्नाथ शंकरशेट आणि विंचूरकर सरदार हे तिच्या पहिल्या एतद्देशीय सभासदांपैकी.

या कौन्सिलाला काय करता येत नव्हते, ते आधी पाहिले पाहिजे. प्रश्न विचारता येत नव्हता, ठराव मांडता येत नव्हता, बजेट तर समोर येतच नव्हते. पुढ्यात ठेवलेल्या विधेयकावर बोलायचे, एवढेच काम. विधेयक मंजूर झाले तरी गव्हर्नरची आणि मग गव्हर्नर जनरलची संमती लागे. खरे सांगायचे तर त्या काळात मुंबई सरकारच्याही हाती स्वतःचा पैसा नव्हता. इलाख्याचा खर्च कलकत्त्याच्या मंजुरीवर चालत असे. डिसेंबर १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या सरकारने ठराव करून तुरुंग, पोलीस, शिक्षण, दवाखाने, रस्ते अशी काही खाती ठराविक रकमेसह प्रांतांकडे सोपवली, तेव्हा कुठे प्रांताचा जमाखर्च नावाची गोष्ट सुरू झाली. पुढे १८७७ आणि १८८२ साली काही उत्पन्नेही प्रांतांकडे आली. या सगळ्या हालचालीत कौन्सिलाचे मत कोणी विचारले नाही. तो दोन सरकारांमधला व्यवहार होता.

तरीही याच तीसेक वर्षांत इलाख्याची पायाभूत कायदेरचना या छोट्या कौन्सिलातून गेली. १८६५ चा पाहणी व जमाबंदीचा कायदा, १८६९ चा लोकल फंडाचा, १८७८ चा अबकारीचा, १८७९ चा लँड रेव्हेन्यू कोड, १८८० चा खोतीचा, १८८४ चा लोकल बोर्डांचा. मात्र गावकऱ्याच्या दृष्टीने तितकेच मोठे दुसरे कायदे मुंबईत झालेच नाहीत. १८७८ चा जंगल कायदा आणि १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा हे दोन्ही व्हाइसरॉयच्या कौन्सिलात झाले. दुसरा कायदा पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चारच जिल्ह्यांसाठी होता, १८७५ च्या दंग्यांवरचा उपाय म्हणून आणलेला. आणि त्यावर मुंबईच्या सभासदांना मुंबईत तोंड उघडण्याची सोय नव्हती. त्याच सुमारास आंबेगावच्या डोंगरात जांभोरीच्या होन्या केंगल्याने सावकारांविरुद्ध बंड उभारले होते. तो १८७६ साली पकडला गेला. सावकारीवर कायदा करणाऱ्यांपर्यंत या डोंगरातून पोहोचलेला आवाज हाच होता.

एकाच पावतीतली दोन सरकारे

जुन्नर तालुक्यातल्या एखाद्या खातेदाराने १८८० च्या दशकात कुलकर्ण्याकडे भरलेल्या पैशाकडे जवळून पाहू. एक रुपया सारा. त्यावर एक आणा लोकल फंड. दोन्ही रकमा एकाच हाताने भरल्या जात, एकाच हाताने घेतल्या जात. पण त्यांच्यामागची सत्ता वेगवेगळी होती.

रुपयाचा आकार ठरवी पाहणी खाते. जमिनीची प्रत, गावाची बाजारापासूनची जागा, मागच्या पिकांचे मान, भाव, यांवरून तीस वर्षांसाठी दर बसे आणि मुदत संपली की फेरआकारणी. हा दर कोणत्याही सभागृहापुढे येत नव्हता. शिवाय १८७६ च्या कायद्याने आकारणीच्या तक्रारी दिवाणी कोर्टाच्या कक्षेबाहेर ठेवल्या होत्या. म्हणजे साऱ्याला ना मत होते, ना दावा.

आणा मात्र १८६९ च्या कायद्याने, म्हणजे कौन्सिलाच्या संमतीने बसलेला. त्यातला एक तृतीयांश गावशाळांसाठी, बाकीचा रस्ते, विहिरी, धर्मशाळा यांसाठी. १८८४ नंतर तालुका आणि जिल्हा लोकल बोर्डांकडे हा पैसा गेला. शेतकऱ्याच्या पैशावर कौन्सिलाचा हात पडला तो या आण्यापुरता. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे केलेली तक्रार इथे आठवावी लागते: पैसा रयतेकडून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, असा तिचा रोख होता. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्येही लोकल फंडाचा विषय येतो. कौन्सिलात बजेटचा शब्द निघण्याआधी दहा वर्षे सरकारी खर्चाची ही चिकित्सा सभागृहाबाहेर झाली, याची दखल कौन्सिलांच्या इतिहासात क्वचित घेतली जाते. ती घ्यायला हवी.

बोलण्याची मुभा

१८९२ च्या कायद्याने जादा सभासदांची संख्या आठ ते वीसवर नेली, प्रश्न विचारण्याचा हक्क दिला (उपप्रश्नाचा नाही) आणि वार्षिक जमाखर्चाच्या पत्रकावर चर्चा करू दिली. मत देता येत नव्हते. निवडणूक हा शब्द टाळून म्युनिसिपालट्या, लोकल बोर्डे, विद्यापीठ, व्यापाऱ्यांच्या संस्था, सरदार यांनी नावे सुचवायची आणि सरकारने ती नेमायची, अशी पद्धत ठेवली. मध्य विभागाच्या लोकल बोर्डांकडून १८९५ साली लोकमान्य टिळक कौन्सिलात गेले. मढच्या शेतकऱ्याने भरलेल्या आण्याचा कौन्सिलातल्या खुर्चीशी असा अप्रत्यक्ष, कित्येक पायऱ्यांचा संबंध जुळला. फिरोजशहा मेहता आधीपासून होते. रानडे यांनी सरकारनियुक्त सभासद म्हणून काम केले होते. १८९९ साली गोखले आले.

नुसत्या बोलण्याचा उपयोग काय झाला? याचे सर्वांत जास्त सांगितले जाणारे उदाहरण मुंबईचे नाही, कलकत्त्याचे आहे. मार्च १९०२ मध्ये गोखल्यांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बजेटवर भाषण केले: दुष्काळाने रयत खंगलेली असताना तिजोरीत शिल्लक पडते, म्हणजे कर गरजेपेक्षा जास्त आहेत, असा त्यांचा युक्तिवाद. पुढे १९०३ पासून मिठाचा कर टप्प्याटप्प्याने उतरला. भाषणामुळेच उतरला असे म्हणणारे आहेत. तिजोरी भरलेली होती, सरकारला तो उतरवणे परवडत होते, असे म्हणणारेही आहेत. दोन्ही बाजूंकडे पुरावा आहे.

१८९२ सालीच मुंबई कौन्सिलाने मोहाचा कायदा केला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर त्याने बंधने आली. चोरटी दारू थांबवावी आणि अबकारी उत्पन्न राखावे हा हेतू. माळशेजच्या वर हा कायदा नव्हता, घाटाखाली होता. डोंगरातल्या माणसाच्या अन्नातला आणि उत्सवातला एक जिन्नस असा कलमात अडकला. त्या माणसाचे कोणी सभागृहात नव्हते.

१९०१ : सावकार, सरकार आणि शेतकरी

कौन्सिलाच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला आणि आजही न मिटलेला वाद १९०१ च्या लँड रेव्हेन्यू कोड दुरुस्ती विधेयकाचा. १८९६–९७ आणि १८९९–१९०० अशा दोन दुष्काळांनंतर सारा थकला होता. थकबाकीपोटी जप्त झालेली जमीन पुन्हा त्याच शेतकऱ्याला द्यायची, पण ती कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता किंवा गहाण टाकता येणार नाही अशा अटीवर, हा विधेयकाचा गाभा. जमीन सावकाराच्या घशात जाते ते अशाने थांबेल, असे सरकार म्हणत होते.

बिनसरकारी सभासदांचे म्हणणे असे होते की, जमीन तारण ठेवता आली नाही तर शेतकऱ्याला कर्ज कोणी देणार नाही. खातेदाराचा मालकी हक्क जाऊन तो सरकारचे कूळ होईल. आणि ज्यांच्यावर हा कायदा बसणार त्यांचे मत न घेता तो घाईने रेटला जात आहे. ऑगस्ट १९०१ मध्ये पुण्यात चर्चा झाली. मेहतांनी विधेयक पुढे ढकलण्याची सूचना मांडली, ती सरकारी बहुमताने पडली. त्यानंतर मेहता, गोखले, भालचंद्र कृष्ण भाटवडेकर, गोकुळदास पारेख आणि दाजी आबाजी खरे सभागृहातून उठून गेले. असे पूर्वी घडले नव्हते. विधेयक मंजूर झाले.

सभात्यागाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. एकीत हा घटनात्मक स्वाभिमानाचा क्षण ठरतो: हरणार हे दिसत असताना नुसते ‘नाही’ म्हणून बसून राहण्यापेक्षा मतदानाला मान्यताच नाकारणे. दुसरीत प्रश्न विचारला जातो की हे सभासद कोणाच्या वतीने बोलत होते? जमीन विकण्याचा हक्क अबाधित राहावा यात सावकाराचा फायदा उघड होता, आणि हा आरोप सरकारी अधिकाऱ्यांनी तेव्हाच केला होता. १८८४–८५ च्या सुमारास जुन्नर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या जमिनी कसण्यास नकार देऊन आपली बाजू आपल्या रीतीने मांडली होती. ती बाजू ना सरकारच्या विधेयकात पुरती उतरली, ना विरोधकांच्या भाषणांत. मला विरोधकांचा घाईबद्दलचा आक्षेप पटतो. कर्जाचा युक्तिवाद मात्र अर्धा वाटतो, कारण सावकाराखेरीज दुसरे कर्ज कुठून यावे हा प्रश्न त्यात सुटत नाही. सहकारी पतसंस्थांचा कायदा तीनच वर्षांनी, १९०४ साली आला.

१९०९ च्या मोर्ले–मिंटो सुधारणांनी मुंबईत बिनसरकारी बहुमत दिले, उपप्रश्न आणि ठराव दिले. ठराव बंधनकारक नव्हते. त्या दशकातली मोठी कमाई एकच सांगता येईल: विठ्ठलभाई पटेलांनी खासगी विधेयक म्हणून आणलेला म्युनिसिपल हद्दीतल्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा, १९१८ चा. गोखल्यांचे तशाच हेतूचे विधेयक केंद्रात पडले होते, ते प्रांतात या रूपाने साधले. खेड्यांना त्याचा लाभ नव्हता.

द्विदल राज्यपद्धती : मत मिळाले ते कशाला

१९१९ च्या कायद्यानंतर २३ फेब्रुवारी १९२१ रोजी ड्यूक ऑफ कनॉटच्या हस्ते नव्या मुंबई कौन्सिलाचे उद्घाटन झाले. १११ सभासद, त्यांत ८६ निवडून आलेले. सात जागा मराठा व तत्सम जातींसाठी राखीव. नारायण चंदावरकर पहिले अध्यक्ष. सभासदाला इंग्रजी नीट येत नसेल तर प्रांताच्या भाषेत बोलण्याची मुभा होती. ग्रामीण मतदार होण्यासाठी बहुतेक जिल्ह्यांत ३२ रुपये आकाराची जमीन लागे. डोंगरपट्ट्यातल्या वरकस जमिनीचा आकार इतका हलका की मढच्या बाजूला पुष्कळ जमीन असलेला माणूसही या रेषेखाली राही. पूर्वेकडच्या बागायतदाराला मत सहज मिळे. सारा कमी म्हणून मतही नाही, असा हा हिशेब होता.

शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य, शेती, अबकारी ही खाती ‘सोपीव’, म्हणजे लोकनियुक्त दिवाणांकडे. महसूल, पोलीस, न्याय, पाटबंधारे आणि अर्थखाते ‘राखीव’. मुंबईत एक वेगळेपण होते: बहुतेक प्रांतांत राखीव असलेले जंगल खाते इथे सोपीव होते. र. पु. परांजपे शिक्षणाचे, चुनीलाल मेहता जंगल आणि अबकारीचे, गुलाम हुसेन हिदायतुल्ला स्थानिक स्वराज्याचे पहिले दिवाण.

खर्च मंजूर होण्याची रीत अशी. फेब्रुवारीत बजेट मांडले जाई, त्यावर सर्वसाधारण चर्चा होई, मग खात्यांच्या मागण्या एकेक करून मताला येत. सभासद एका रुपयाची किंवा शंभर रुपयांची कपात सुचवी. पैसा वाचवण्यासाठी नव्हे, त्या खात्याच्या कारभारावर बोलता यावे म्हणून. कर्जाचे व्याज, हायकोर्टाच्या न्यायाधीशांचे आणि भारतमंत्र्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांचे पगार असे खर्च मताबाहेर होते. राखीव खात्याची मागणी सभागृहाने फेटाळली तरी ‘जबाबदारी पार पाडण्यास आवश्यक’ असा दाखला देऊन गव्हर्नर ती पुन्हा भरून काढू शके, आणि राखीव विषयावरचे नामंजूर विधेयकही दाखल्याने कायदा करू शके. सोपीव खात्याची मागणी फेटाळली तर मात्र ती सहसा परत येत नसे. म्हणजे सभागृहाची कात्री चालायची ती नेमकी शाळा आणि दवाखान्यांवर. त्यातच मेस्टन समितीच्या वाटणीप्रमाणे मुंबईने केंद्राला दरसाल ५६ लाख रुपये द्यायचे होते, आणि प्राप्तिकर केंद्राकडे गेला होता. दिवाणांना खाती मिळाली, पैसा अर्थखात्याकडे मागावा लागे.

कौन्सिलाने याही चौकटीत काय केले, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. १९२३ चे प्राथमिक शिक्षणाचे आणि लोकल बोर्डांचे कायदे गावशाळांचा कारभार निवडून आलेल्या बोर्डांकडे नेणारे होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा चालणाऱ्या पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा. १९२६ साली बोल्यांनी पुढचा ठराव आणला: जी बोर्डे हे पाळणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान थांबवावे. खर्चाच्या मंजुरीचा असा उपयोग कौन्सिलात दुसऱ्या कोणी केलेला मला दिसत नाही. महाडच्या सत्याग्रहाला या ठरावाचा आधार होता, आणि ठरावाने आपोआप पाणी मिळत नाही हेही महाडनेच दाखवले. १९२६ साली ग्रामजोश्यांच्या हक्काच्या दक्षिणेला आळा घालणारा कायदा झाला. ओतूरच्या सत्यशोधकांनी पुरोहिताविना लग्ने लावली तेव्हा ग्रामजोश्यांनी गुदरलेला दावा एकोणिसाव्या शतकातच हायकोर्टापर्यंत गेला होता. जुन्नर तालुक्यातल्या गावकीचा प्रश्न चार-पाच दशकांनी कायद्यापर्यंत पोहोचला.

१९२७ पासून डॉ. आंबेडकर सरकारनियुक्त सभासद होते. शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करणारे सरकार अबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हा हिशेब त्यांनी त्या वर्षी मांडला. लहान धारणक्षेत्रांच्या विधेयकाला त्यांनी विरोध केला: तुकडे जोडून शेती सुधारत नाही, शेतीवरचा माणसांचा भार कमी व्हायला हवा. १९२८ चे महार वतनाचे विधेयक बलुत्याऐवजी साऱ्याबरोबर वसूल होणारी रोख पट्टी सुचवणारे होते. ते मागे घ्यावे लागले.

आणि सारा? १९१९ साली पार्लमेंटच्या संयुक्त समितीनेच सुचवले होते की आकारणीची रीत कायद्याने बांधावी. मुंबईत तसा कायदा व्हायला १९३९ उजाडले. मधल्या काळात बारडोली घडली. १९२८ साली तिथल्या साऱ्याच्या २२ टक्के वाढीविरुद्ध सभासदांनी राजीनामे दिले, पण वाढ थांबली ती सत्याग्रहाने, आणि ब्रूमफील्ड–मॅक्सवेल चौकशीने ती सुमारे ६ टक्क्यांवर आणली. जंगल खाते दिवाणाकडे असूनही १९३० साली हरिश्चंद्रगडापलीकडे अकोले भागात जंगल सत्याग्रह झाला. मुंबईच्या बॅकबे भरावाच्या खर्चावर खुर्शेद नरिमन यांनी केलेला हल्ला हे उलट उदाहरण: तिथे प्रश्न, चौकशी समिती आणि वर्तमानपत्रे यांनी मिळून सरकारला जाब द्यायला लावला. शहराच्या खर्चावर कौन्सिल चावा घेऊ शकत होते. डोंगरातल्या साऱ्यावर त्याचे दात पोहोचत नव्हते.

अभ्यासकांच्या बाजू

नेमस्तांची भूमिका साधी होती: अधिकार थोडे असले तरी नोंद राहते, सरकारला उत्तर द्यावे लागते, माणसे तयार होतात. द्विदल पद्धतीत दिवाण राहिलेल्या परांजप्यांनी मात्र १९२४ च्या मडिमन समितीत सप्रू, शिवस्वामी अय्यर आणि जीना यांच्याबरोबर वेगळे मत नोंदवले की ही पद्धतच चालण्याजोगी नाही. आतून पाहिलेल्या माणसाचे हे मत वजनदार आहे. मुंबई कौन्सिलात जयकरांच्या नेतृत्वाखालच्या स्वराज्य पक्षाने आत जाऊन अडवणूक हा मार्ग घेतला. पुढे त्यातूनच प्रतियोगी सहकारिता निघाली. आंबेडकरांनी ‘प्रांतिक वित्ताची उत्क्रांती’ या १९२५ च्या ग्रंथात तिसरी दिशा दाखवली: प्रांतांचा पैसा हा केंद्राच्या सोयीने वाटला गेला, आणि विभागलेल्या मंत्रिमंडळात खर्चाची जबाबदारी कोणावरच पडत नाही. १९२९ च्या स्वतंत्र अहवालात त्यांनी प्रौढ मतदान आणि पूर्ण जबाबदार प्रांतिक सरकार मागितले.

इतिहासकारांत बिपन चंद्रांनी १९६६ च्या ग्रंथात कौन्सिलातल्या भाषणांतून आर्थिक राष्ट्रवादाचा सलग विचार उभा केला. गॉर्डन जॉन्सन यांच्या १९७३ च्या मुंबईवरील पुस्तकात भर आहे तो प्रांतातल्या गटांच्या स्पर्धेवर आणि तिला आकार देणाऱ्या सरकारी चौकटीवर. गेल ऑम्व्हेट यांनी १९७६ साली ब्राह्मणेतर आणि सत्यशोधक चळवळीला केंद्रस्थानी आणून कौन्सिलाला तिच्या एका साधनाची जागा दिली. नील चार्ल्सवर्थ यांचे म्हणणे असे की भाव वाढत गेल्याने साऱ्याचा खरा भार कालांतराने हलका झाला. हे शेवटचे म्हणणे मान्य केले तर साऱ्यावर मत नव्हते ही तक्रार आर्थिकदृष्ट्या लहान होते. मला ते इलाख्याच्या सरासरीपुरते ठीक वाटते. भाताच्या एका पिकावर जगणाऱ्या आणि बाजारात फारसे न विकणाऱ्या डोंगरी खातेदाराला वाढत्या भावाचा फायदा कितीसा, हा प्रश्न उरतोच.

काय मिटलेले नाही

पहिली गोष्ट मोजमापाची. कपातीची सूचना हरली तरी पुढच्या वर्षी खात्याने वागणूक बदलली असेल, तर तो परिणाम कौन्सिलाच्या खात्यावर जमा करायचा की नाही? मतांची मोजणी करणारे आणि फायली वाचणारे यांची उत्तरे इथे वेगळी येतात.

दुसरी गोष्ट १९०१ च्या कायद्याची. त्यातून आलेले ‘नवीन शर्त’ हे शब्द सातबाऱ्यावर आजही आढळतात, आणि भोगवटादार वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरावर कलेक्टरच्या परवानगीचे बंधन आले. १९७४ च्या कायद्यांनी ते कडक केले आणि गेलेल्या जमिनी परत देण्याची वाट काढली. ज्या अटीविरुद्ध मेहता–गोखले उठून गेले, तीच अट स्वतंत्र महाराष्ट्राने आपल्या निवडून आलेल्या सभागृहात संरक्षण म्हणून स्वीकारली. यावरून १९०१ चे सरकार बरोबर होते असे काहींना वाटते. इतरांचे उत्तर असे की अट तीच असली तरी ती कोणी, कोणाला विचारून घातली, यावर तिचा अर्थ ठरतो. शिवाय परवानगी देणारा कलेक्टर सावकाराइतकाच अडवू शकतो.

तिसरी गोष्ट गव्हर्नरच्या राखून ठेवलेल्या अधिकाराची. १९३५ च्या कायद्याने मुंबईच्या १७५ जणांच्या विधानसभेत मागास प्रदेश व जमातींसाठी एक जागा ठेवली आणि काही डोंगरी तालुके ‘अंशतः वगळलेले’ ठरवून तिथे गव्हर्नरला कायदे रोखण्याचा अधिकार दिला. नाशिकचे पेठ आणि कळवण त्यांत होते, जुन्नर आणि आंबेगाव नव्हते. आज या दोन तालुक्यांतली पश्चिमेकडची गावे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत आहेत. विधिमंडळाने केलेला कायदा तिथे लागू करू नये किंवा बदलून लागू करावा, असे राज्यपाल जाहीर करू शकतात. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २०१४ च्या राज्याच्या नियमांनी ग्रामसभेला गौण वनोपजावर हक्क दिला. हिरड्याचा प्रश्न आता त्या चौकटीत लढवला जातो. बजेटमध्येही जुनी विभागणी आहे: ‘दत्तमत’ खर्च सभागृहाच्या मताने, ‘भारित’ खर्च मताविना. सभागृहावर मात करणारा अधिकार वसाहतीच्या काळात जुलूम मानला गेला आणि घटनाकारांनी डोंगरातल्या माणसासाठी तो मुद्दाम राखला. त्यात सातत्य किती आणि नवेपणा किती, यावर घटनेच्या आणि आदिवासी प्रश्नाच्या अभ्यासकांचे अजून एकमत झालेले नाही, आणि घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या हद्दीत तो प्रश्न रोजच्या अर्ज-परवानग्यांत चालू आहे.